गोडाची तलफ आणि भात-पोळीची वखवख : तुमचे अनुभव लिहा

कडूगोड

माझी तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) ६.१ आली. ५.७ ते ६.४ हा काठावरचा पट्टा आणि ६.५ पासून पुढे मधुमेह, हे आता आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळीचं नंतर बघू, आधी ताट बघू.

काय खावं याचे सल्ले उदंड मिळाले. डॉ. दीक्षितांचं दोनदाच जेवा आणि ५५ मिनिटांत संपवा, हे मानणारे माझे दीर. थोड्या थोड्या वेळाने खात राहा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकरांची भक्त माझी जाऊ. दोघं एकाच टेबलावर जेवतात. पण संध्याकाळी साडेपाचला हात आपोआप बिस्किटांच्या डब्याकडे जातो, त्याचं काय करायचं हे दोघांनाही सांगता येईना. म्हणून हा धागा. तलफ कधी येते, कशाची येते, काय केल्यावर कमी झाली, हे सविस्तर लिहा. शुगरची औषधं चालू असतील तर तसं आवर्जून लिहा, कारण त्यांचं गणित वेगळं असतं. 'मनावर ताबा ठेवा' एवढंच सांगायचं असेल तर कृपया नको. ते आम्हाला सासरी-माहेरी फुकट मिळतं.

सुरुवात माझ्यापासून. साडेपाचची भूक साडेपाचची नव्हतीच, ती दुपारच्या डब्यातून येत होती. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, वर वरणभात. पोट गच्च भरायचं, पण त्यात दमदार म्हणावं असं फक्त ते चमचाभर वरण. आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या मधुमेह पाहणीत भारतीयांच्या सुमारे ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात असं निघालं. माझा डबा त्याच्याही पुढे असणार. आता पोळी एक, मटकी किंवा चवळीची उसळ वाटीभर, काकडी-टोमॅटो आणि ताक. बिस्किटांचा डबा घरात आहे, मुलांसाठी. साडेपाचला तो दिसतो, पण बोलावत नाही.

पाचट

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, ऊसपट्ट्यातलं. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० साली प्रवरेला सुरू झाला, त्यानंतर आमच्या भागात साखर ही दुकानातून आणायची वस्तूच उरली नाही. वडील कारखान्याचे सभासद. सवलतीच्या दराची सभासदांची साखर घरी यायची, दिवाळीच्या आधी जास्तच. पोतं कोठीच्या खोलीत उभं असायचं आणि आम्ही पोरं येता-जाता मूठ मारायचो. पाहुण्याच्या चहात साखर कमी पडली तर चुलत्यांना ते लागायचं. 'फिका चहा पाजला' हे आमच्याकडे भावकीत वर्षानुवर्षं ऐकवायचं वाक्य आहे.

अशा घरात साखर सोडायची म्हणजे केवढा गहजब! मला शुगर निघाली तेव्हा आधी चहाच मोजला. दिवसाला पाच-सहा कप, प्रत्येकात शीग लावून दोन चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर, मध, फळांचा रस सगळं धरून दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा, २५ च्या आत असेल तर आणखी चांगलं. २५ ग्रॅम म्हणजे साधारण सहा चमचे. मी नुसत्या चहातच वरची हद्दही ओलांडत होतो. पेढा, शिरा, लग्नातली जिलबी अजून हिशेबात धरलेलीच नाही.

एकदम बंद केलं नाही. दोनचे दीड, दीडचा एक, मग अर्धा. प्रत्येक पायरीवर पहिले काही दिवस चहा पाणचट लागतो, मग जीभ सरावते. आता कुणाकडे नेहमीचा चहा घेतला तर बासुंदी प्यायल्यासारखं वाटतं.

आईने मधे गुळाचा आग्रह धरला. 'गूळ चालतो की, तो औषधी असतो.' मी घरच्या मशीनवर दोन्ही तपासलं. गुळाचा चहा पिऊन आकडा साखरेइतकाच चढला. गुळात लोह वगैरे थोडं असेल, पण मुख्यतः ती साखरच. गुऱ्हाळावरची गरम काकवी मला आजही जगातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते, ती वर्षातून एकदा खातो आणि औषधी म्हणून खात नाही.

पाहुण्यांचा प्रश्न बायकोने सोडवला. चहा बिनसाखरेचा, साखरेची वाटी शेजारी. पहिल्यांदा चुलते वाटीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले. आता गल्लीतल्या तीन घरांत अशी वाटी ठेवतात. सभासदांची साखर अजून येते, ती थेट भावाकडे जाते.

निशाचर

हिंजवडीत रात्रपाळी. रात्री दोनच्या सुमाराला मशीनची गोड कॉफी आणि क्रीमची बिस्किटं. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं, म्हणजे निम्मा दोष बिस्किटांचा नाहीच. डब्यात दोन उकडलेली अंडी आणि फुटाणे न्यायला लागलो. मित्र हसले, आता तेच माझ्या डब्यातली अंडी पळवतात. खरा फरक मात्र सकाळी घरी आल्यावर पडदे ओढून सलग झोपायला लागल्यावर पडला. सुट्टीच्या दिवशी मला गोड आठवतही नाही.

उपासतापास

मी शाळेत शिकवते, नाशिकला. संकष्टी, एकादश्या, श्रावणी सोमवार, नवरात्र. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे आमच्या स्टाफरूमचं बोधवाक्य म्हणायला हरकत नाही. साबुदाणा कंदाच्या पिठीपासून होतो, म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅममागे ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं आणि प्रथिनं नावाला. खिचडीच्या बशीनंतर दोन तासांत हात थरथरेपर्यंत भूक लागायची, मग बटाट्याचा कीस, मग खजूर, मग उपासाचा चिवडा. इतर दिवशी मी एवढं खात नाही हो!

साबुदाणा सोडायला सासूबाई तयार होणार नाहीत म्हणून नवीन काही न आणता त्यांच्याच शास्त्रात बसणारं शोधलं. थोडी भगर, दाण्याची आमटी भरपूर, राजगिऱ्याची भाकरी दह्याबरोबर, दुधी किंवा भोपळ्याचं भरीत. शेंगदाण्याने टिकाव लागतो. त्यांनी स्वतःही आता खिचडी कमी केली आहे, पण त्याचं कारण त्या 'दात' असं सांगतात.

वऱ्हाडी ठेचा

भाकरीबद्दल एक लिहून ठेवतो, कारण सगळेच सांगतात पोळी सोड, ज्वारी धर. गव्हाचं पीठ घ्या की ज्वारीचं, शंभर ग्रॅममागे कर्बोदकं ७० च्या आसपासच. तीन पोळ्यांऐवजी तीन भाकरी खाल्ल्या तर काय होणार? माझं भागलं ते एका भाकरीत पोट भरतं म्हणून. सोबत पिठलं, ठेचा, कच्चा कांदा. पोळी मात्र मला मोजता येत नाही, तव्यावरून येत गेली की खातच जातो.

शीतकडी

गोंयकार लोकांना भात सोडा म्हणणं म्हणजे श्वास सोडा म्हणणं. आमच्याकडे शीत-कडी झाली तरच जेवण झालं. सकाळी पोदेर (पाववाला) सायकलवरून भोंगा वाजवत येतो, ते निराळंच. मी सोडलं काहीच नाही, क्रम बदलला. आधी तळलेलं किंवा हुमणातलं मासळीचं तुकडं, मग भाजी, शेवटी उकड्या तांदळाचं शीत. भाज्या आणि प्रथिनं आधी, कर्बोदकं शेवटी असं खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असं छोट्या अभ्यासांतही दिसलं आहे. माझ्या मशीनवरही दिसलं. शिवाय शितापर्यंत पोचेतो भूक अर्धी झालेली असते, तेव्हा वाढून घ्यायचा हात आपोआप आखडतो. उंड्याच्या (मैद्याच्या गोल पावाच्या) जागी कोंड्याची पोय आणते. गरम पोय मात्र एक खाऊन थांबणारा माणूस मी अजून बघितलेला नाही.

लेकुरवाळी

मला शुगर गरोदरपणात निघाली. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायला देतात, दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह. माझी १५२. आणि डोहाळे नेमके आंब्याचे आणि खरवसाचे! घरी कुणाला पटेना. 'पोटुशी बाई मागते ते द्यावं' म्हणून शेजारून वाट्या यायच्या. आहारतज्ज्ञ बाईंनी एक सोपं केलं. खरवस बंद नाही म्हणाल्या, जेवणानंतर दोन चमचे, आणि मग अंगणात दहा-पंधरा मिनिटं चालायचं. रिकाम्या पोटी गोड नाही, एवढाच कडक नियम. बाळंतपणानंतर डिंकाच्या लाडवांचा डोंगर आला, तो नणंदांनी संपवला.

नव्या आयांना एवढंच सांगते, बाळ झाल्यावर काही आठवड्यांनी शुगर पुन्हा तपासा. आकडे नॉर्मल आले तरी पुढे मधुमेहाचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो, तेव्हा अधूनमधून बघत राहावं लागतं.

दुसरीबाजू

धाग्याचा सूर बघून लिहिते आहे. वडील ग्लिमेपिराइड या शुगर उतरवणाऱ्या गोळीवर होते. वर्तमानपत्रात वाचून त्यांनी आपल्या मनाने भात-पोळी जवळपास बंद केली, गोळी तेवढीच. एका दुपारी घामाघूम, हात कापताहेत, बोलणं अडखळतंय आणि सारखं 'गोड दे' म्हणताहेत. आई ठामपणे नाही म्हणत होती, कारण पथ्य! मशीनवर आकडा ५८. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरलेली. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, मग थोडं जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला.

गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना ताटातली कर्बोदकं एकदम कमी करायची असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. काही नव्या गोळ्यांवर, ज्या लघवीवाटे साखर काढतात, फार कमी कर्बोदकं खाल्ली तर रक्तात आम्ल साठण्याचा वेगळाच धोका असतो. आणि घाम-थरथर असताना आलेली गोडाची तलफ दाबू नका, ती शरीराची हाक असते.

कडूगोड

@दुसरीबाजू, फार बरं केलंत. हे वर घालते.

नको_तो_विषय

मी उलट्या वाटेने गेले. साखर शून्य, मैदा शून्य, भात शून्य, फ्रीजवर यादी. दिवसभर कौतुक व्हायचं. रात्री सगळे झोपल्यावर ओट्याशी उभी राहून श्रीखंडाचा डबा चमच्याने साफ करायचे, आणि दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून उपाशी. वजन कमी होत होतं म्हणून कुणाला शंका आली नाही. समुपदेशक ताईंनी पहिलं काम दिलं ते यादी फाडण्याचं. आता गोड खायचं तर सगळ्यांबरोबर, ताटात वाढून, बसून. गंमत म्हणजे वाटीभर श्रीखंड मला पुरतं आणि उरतंही. ज्यांचं खाणं असं चोरून आणि थांबवता न येणारं होतं त्यांनी इथले आकडे, वाट्या, चमचे मोजण्याआधी कुणाशी तरी बोला. मोजण्यानेच माझं बिघडलं होतं.

सातासमुद्रापार

न्यू जर्सी. इथे पाकिटावर 'ॲडेड शुगर्स' वेगळं छापावं लागतं, मोठ्या कंपन्यांना २०२० पासून. चार ग्रॅम म्हणजे एक चमचा असा भागाकार करत दुकानात फिरते. फळांचं दही, पास्त्याचा सॉस, पाव, सगळीकडे चमचे सापडतात. नवऱ्याने चहात साखरेऐवजी बिनसाखरेच्या गोडीच्या गोळ्या घालायला सुरुवात केली होती. वजन आटोक्यात ठेवायला त्या वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं, अर्थात मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही. माझी तक्रार वेगळी आहे. त्या गोळीने जिभेची गोडाची पट्टी तशीच वर राहते. चहात ती घालणारा माणूस जेवणानंतर गुलाबजाम शोधतोच, निदान आमचा तरी.

मोदकप्रेमी

सगळं वाचलं. पण गणपतीत काय करता ते कुणीच लिहिलं नाही. दहा दिवस, रोज दोन आरत्या, प्रत्येक घरी प्रसाद!

पाचट

प्रसाद म्हणून चिमूटभर. पेढ्याचा चतकोर तोंडात टाकला की कुणी काही म्हणत नाही, 'घेतला' एवढंच बघतात.

उपासतापास

मी खिरापत म्हणून खोबरं आणि भाजलेले दाणे नेते, साखर नावाला. पोरं आधी तोंड वाकडं करतात, पण ताट रिकामंच परत येतं.

कडूगोड

उकडीचे मोदक मी सोडणार नाही. आवरण तांदळाचं, सारण गुळाचं, म्हणजे दोन्ही गुन्हे एकाच घासात, माहीत आहे. त्या दिवशी मोदक दोन, वर तूप, ताटात अळूची भाजी आणि डाळ-काकडीची कोशिंबीर, आणि भात-पोळी दोन्हीला सुट्टी. गेल्या वर्षी हे निभावलं.

मोदकप्रेमी

आमच्याकडे मोदकाबरोबर मसालेभात असतो. वर काजू, बाजूला मठ्ठा. त्याला सुट्टी कोण देणार?

वऱ्हाडी ठेचा

तुम्हाला जमत नसेल तर पत्ता कळवा, मी येतो.