विषय: ड्रायव्हर्स एड शाळेत हवं की नको? सोमवारची सुनावणी

प्रेषक: मराठी शाळा विभाग
शुक्रवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या मेलांच्या गर्दीत हा जरा वेगळ्या विषयावरचा. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने (आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने) येत्या सोमवारी जाहीर सुनावणी ठेवली आहे. हायस्कूलमधल्या ड्रायव्हर्स एडची, म्हणजे मुलांना गाडी शिकवण्याच्या कोर्सची, फी ५० डॉलरवरून २५० करायची आणि गाडीतले सहा तास बाहेरच्या ड्रायव्हिंग स्कूलकडे सोपवायचे, असा प्रस्ताव आहे. वर्गातले तीस तास तेवढे शाळेत राहतील.

ज्यांची मुलं अजून बालवाडीत आहेत त्यांच्यासाठी सांगते. इलिनॉयमध्ये हायस्कूल चालवणाऱ्या प्रत्येक सरकारी डिस्ट्रिक्टला हा कोर्स ठेवावाच लागतो. मुलाने तो घेतलाच पाहिजे असं मात्र नाही. अट एवढीच की आधीच्या दोन सत्रांत आठ विषय पास हवेत. ही अट आपल्यापैकी कुणाला आडवी येईल असं वाटत नाही, आपल्या घरांत 'बी' आला तरी सुतक असतं.

माझं म्हणणं प्रस्तावाच्या अगदी उलट आहे. दहावीत पीई (शारीरिक शिक्षण) जसं सगळ्यांना असतं, तसंच हेही सगळ्यांना असावं, आणि शाळेतच असावं. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. मंडळाच्या वतीने एक पत्र द्यावं का?

प्रेषक: सचिव
शुक्रवार, रात्री १०:०५

ताई, चर्चा चालू द्या, पण विषयाची ओळ बदलू नका, नाहीतर मोदकांच्या धाग्यात मिसळते. उकडीच्या मोदकांचे आकडे अजून फक्त अकरा घरांकडून आलेत.

प्रेषक: खजिनदार
शनिवार, सकाळी ७:३०

ताई, राग मानू नका, पण माझा विरोध.

भावनेने बोलायचं तर सगळं काही शाळेतच शिकवावं असं वाटतं. आकड्यांनी बोलायचं तर या कोर्सची सगळ्यात मोठी परीक्षा चाळीस वर्षांपूर्वीच होऊन गेली. १९८०च्या सुमारास जॉर्जियातल्या डिकाल्ब काउंटीत सोळा हजारांवर हायस्कूलच्या मुलांचे तीन गट पाडले होते. एकाला उत्तम, भरगच्च कोर्स, दुसऱ्याला जुजबी, तिसऱ्याला काहीच नाही. भरगच्च कोर्सवाल्यांचे अपघात टिकाऊपणे कमी झाले नाहीत. उलट कोर्समुळे लायसन्स लवकर हातात आलं. त्यानंतर देशभरात शाळांमधले कोर्स आटत गेले, ते उगाच नाही.

उपयोग झाला तो टप्प्याटप्प्याच्या लायसन्सचा. आपल्याकडे २००८पासून तो कायदा चांगलाच कडक आहे. नऊ महिने शिकाऊ परमिट, पन्नास तास सराव, त्यातले दहा रात्रीचे. सोळा-सतराच्या मुलाला रात्री दहानंतर गाडी बंद, शुक्रवार-शनिवारी अकरानंतर. पहिल्या वर्षी वीसच्या आतला एकच जण सोबत, भावंडं सोडून. हे सगळं फुकट आहे, पालकच करतात. मग शाळेने प्रत्येक मुलामागे गाडी, पेट्रोल, विमा आणि शिक्षक का पोसायचा?

आणि मुलांनाच आता घाई नाही. १९८३मध्ये सोळा वर्षांच्या शंभरांतल्या सेहेचाळीस मुलांकडे लायसन्स होतं, अलीकडे ते पाव हिश्शावर आलंय. आमचा चिरंजीव सतरा संपत आला तरी मागच्या सीटवर बसून फोन बघतो.

प्रेषक: ग्रंथालय
शनिवार, रात्री ११:४०

खजिनदारसाहेब,

पन्नास तास फुकट आहेत म्हणता. आमच्या घरी ते खरोखरच फुकट पडले, कारण ते झालेच नाहीत.

मोठ्या लेकीच्या वेळची गोष्ट. ऑर्केस्ट्रा आणि शाळेतला कोर्स यांच्या वेळा जुळेनात, म्हणून बाहेरच्या ड्रायव्हिंग स्कूलला घातलं. तिथल्या गुरुजींनी सहा तासांतला बराच वेळ पुढच्या विद्यार्थ्याला त्याच्या घरून आणण्यात घालवला, म्हणजे लेक ड्रायव्हर आणि गुरुजी प्रवासी. तक्रार करायला हवी होती, केली नाही. नऊ महिने संपत आले, लायसन्ससाठी अपॉइंटमेंट घेतली, आणि आदल्या रात्री लक्षात आलं की सरावाचा तक्ता कोरा आहे. मग जेवणाच्या टेबलावर बसून मी तो भरला. सगळं एकाच शाईत दिसू नये म्हणून तीन वेगवेगळी पेनं घेतली. एका तारखेला दोन तास रात्रीचा सराव लिहिला, तर लेक म्हणाली, "बाबा, तेव्हा तुम्ही पुण्यात होतात." ती ओळ खोडली आणि खाली सही केली.

मंडळाच्या गटावर हे लिहिताना बरं वाटत नाहीये. पण गेल्या कोजागिरीला अंगणात हा विषय निघाला, तेव्हा सहा बापांतले चार जण हसले. त्या हसण्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता.

पुढचं ऐका. जानेवारीत रस्त्यावर ब्लॅक आइस, डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा पातळ थर. वळणावर लेकीने ब्रेक दाबला. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) लागलं की पॅडल पायाखाली कसं थडथडतं, ते तुम्हाला माहीत आहे. तिला ते कुणी सांगितलेलंच नव्हतं. गाडीचं काहीतरी तुटलं असं वाटून तिने पाय काढला, आणि शेजाऱ्यांची पत्रपेटी आडवी झाली. निभावलं ते पत्रपेटीवर. तिथे बस थांब्यावर मुलं उभी असतात, सकाळी.

धाकट्याला शाळेतच घातलं, ऑर्केस्ट्रा गेला चुलीत. शाळेच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असतो. पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात सरांनी मुलांना शाळेच्या मागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेलं आणि मुद्दाम जोरात ब्रेक मारायला लावला. "थडथडतंय म्हणजे ब्रेक काम करतोय, पाय काढू नका." मुलाने घरी येऊन हे आम्हाला शिकवलं. मी इथे एकवीस वर्षं गाडी चालवतोय, आणि हे मला सोळा वर्षांच्या मुलाकडून कळलं.

तेव्हा आमचे वडील इथे आले होते. त्यांची सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून गेली, घाटातल्या गाड्या. नातू चालवत असला की मागे बसायचे, काही बोलायचे नाहीत. एकदा रात्री दहाच्या आत घरी परतताना निर्मनुष्य चौकात स्टॉप साइनवर पोराने गाडी पूर्ण थांबवली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग निघाला. दुसऱ्या दिवशी त्याच चौकातून मी नेहमीप्रमाणे हळू करून पुढे निघालो. मागून आवाज आला, "पोरगा थांबतो. तू का थांबत नाहीस?"

का थांबत नाही, तर मला थांबायला कुणी शिकवलंच नाही. आपण कसे शिकलो ते आठवा. आरटीओच्या मैदानात स्कूटरवर आठचा आकडा काढला, पाय टेकला नाही, झालं. चारचाकीचं तर एजंटने सांगितलं, "साहेब, तुम्ही फक्त गाडीत बसा." इथे आल्यावर लेखी परीक्षा दिली, ब्लॉकभोवती एक चक्कर मारली. आता तोच माणूस पन्नास तासांचा गुरुजी! खजिनदारसाहेब, तुमची योजना उभी आहे ती या गुरुजीच्या सहीवर.

डिकाल्ब मलाही माहीत आहे. पण नेब्रास्काचंही बघा. तिथे मुलापुढे दोन वाटा असतात, एकतर कोर्स करायचा, नाहीतर पालकाच्या सहीचा पन्नास तासांचा तक्ता द्यायचा. नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी आठ वर्षांतल्या दीड लाखावर मुलांची नोंद तपासली, अभ्यास २०१५मध्ये छापून आला. कोर्स न केलेल्या मुलांना ट्रॅफिकचं तिकीट (नियम मोडल्याची दंडाची पावती) मिळण्याचं प्रमाण पंचाहत्तर टक्क्यांनी जास्त, आणि कुणी जखमी होईल किंवा दगावेल अशा अपघातात सापडण्याचं चोवीस टक्क्यांनी जास्त. तुम्ही म्हणाल, कोर्सला जाणारी मुलं मुळातच शहाण्या घरांतली असतील. संशोधकांनी घरची परिस्थिती वगैरे हिशेबात धरली होती, तरी थोडंफार ते असेलच. पण मला त्यात आमचं जेवणाचं टेबल दिसतं. एका बाजूला शिक्षकासमोर झालेले तास, दुसऱ्या बाजूला तीन पेनांनी भरलेले.

मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला काय झालं ते आपण सगळ्यांनी इथे बसून पाहिलं. अल्पवयीन मुलगा, पोर्शे, दोन तरुण जीव गेले, आणि जामिनासाठी तीनशे शब्दांचा निबंध. त्या आठवड्यात या गटावर केवढा संताप होता. भारतात २०१९पासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तिथला कायदा पालकाला मागाहून धरतो, इथला आधीच सही घेतो. सही खोटी असली तर दोन्ही सारखेच.

हे सगळं शाळेतच का, याचं उत्तर कदाचित जुनं आहे. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावात १९३४मध्ये प्रा. एमॉस नायहार्ट यांनी हायस्कूलच्या मुलांना गाडी शिकवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनाही बापांकडून शिकण्यावर फारसा भरवसा नसावा. माझा स्वतःवर नाही.

मेल लांबला. मोदक एकवीस लिहा.

प्रेषक: नवीन सभासद
रविवार, सकाळी ६:१५

नमस्कार. मी गटावर पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

ग्रंथालयवाल्या काकांनी लिहिलं ते खरंच आहे, पण माझी अडचण वेगळी आहे. खोटी सही करायलासुद्धा घरात माणूस लागतो. मिस्टर सोमवारी सकाळी क्लायंटकडे जातात ते गुरुवारी रात्री येतात. मी एच-फोरवर (नवऱ्यामुळे मिळालेल्या व्हिसावर), सोलापुरात स्कूटीशिवाय काही चालवलं नव्हतं. इथे नवऱ्याकडून शिकायला घेतलं, पण तिसऱ्या दिवशी ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये आमचं असं भांडण झालं की दोघंही गाडी तिथेच ठेवून चालत घरी आलो. (सव्वा मैल.) शेवटी तिसऱ्या खेपेला मी टेस्ट पास झाले, या मार्चमध्ये.

मुलीला ऑगस्टमध्ये पंधरा पूर्ण झाली, परमिट मिळालं. तिच्या शेजारी बसणारा माणूस एकवीसच्या वरचा हवा आणि त्याला किमान एक वर्ष गाडी चालवल्याचा अनुभव हवा. म्हणजे माझ्याकडे लायसन्स आहे, पण मी तिच्या शेजारी बसू शकत नाही. शनिवार-रविवार काय ते तिच्या बाबांचे, त्यात घरची सगळी कामं.

बाहेरच्या ड्रायव्हिंग स्कूलने मला साडेसहाशे सांगितले. शाळेतले सर तिला शाळा सुटल्यावर तिथूनच नेतात आणि तिथेच आणून सोडतात, मला कुठे न्यावं-आणावं लागत नाही. ज्यांना फी परवडत नाही त्यांना शाळा माफही करते. बाहेरचा का करेल?

सुनावणीला यायचं आहे, पण संध्याकाळी सातला मला एकटीला हायवेवरून यायची अजून भीती वाटते. कुणी घ्यायला येईल का?

प्रेषक: ढोल पथक (ज्युनियर)
रविवार, दुपारी १:२०

सॉरी, माझं मराठी टायपिंग स्लो आहे.

मी सतरा वर्षांची आहे. एक गोष्ट कोणी लिहिली नाही. एकोणीसच्या आत आम्हाला गाडीत फोन अलाउड नाही, हँड्स-फ्रीसुद्धा नाही. आमच्या सरांनी विचारलं होतं, गाडीत असताना तुम्हाला सगळ्यात जास्त फोन कोण करतं? मला वाटलं फ्रेंड्स. वर्गात बहुतेक सगळे म्हणाले, आई.

आई ही लिस्ट वाचते. हाय आई.

प्रेषक: खजिनदार
रविवार, संध्याकाळी ५:००

ग्रंथालयकाका, तुमच्या तीन पेनांपुढे मी काय बोलणार? आमच्याकडे दोन होती.

नेब्रास्काचा अभ्यास सकाळी वाचला. गाडीतले तास बाहेर देऊ नयेत, एवढ्यापुरतं मान्य. तिथे कोण शिकवतंय, किती शिकवतंय, हे शाळा कशी बघणार? पण ताईंच्या 'सगळ्यांना सक्ती'ला माझा विरोध कायम आहे. फिट येणारी मुलं आहेत, कागदपत्रांत अडकलेली मुलं आहेत. आपल्यातच बघा, व्हिसावाल्यांचं लायसन्स मुक्कामाच्या मुदतीबरोबर संपू शकतं, मग मुदतवाढीचा कागद येईपर्यंत घरी बसावं लागतं. अशा मुलाचा हायस्कूलचा डिप्लोमा गाडीवाचून अडता कामा नये. वर्ग सगळ्यांना ठेवा हवं तर, चालणाऱ्यालाही रस्ता कळायला हवा. चाक ज्याला धरायचं त्याला, पण ते शाळेतच. पत्रात असं लिहिणार असाल तर मी सही करतो. खरी सही.

नवीन सभासद ताई, तुम्हाला घ्यायला मी आणि सौ. साडेसहाला येतो. पत्ता मला एकट्याला पाठवा, गटावर नको.

प्रेषक: मराठी शाळा विभाग
रविवार, संध्याकाळी ५:४५

चालेल. डिप्लोमासाठी सक्तीचं वाक्य काढते. फी १००च्या वर नको, हे मात्र ठेवणार आहे. काका, तुमच्या मेलमधला एबीएसचा भाग तुम्हीच वाचायचा, इंग्रजीत. पत्रपेटीसकट.

प्रेषक: सचिव
रविवार, रात्री ९:१०

पत्र मंजूर, सकाळी पाठवतो. ज्यांना मुलांचा सराव करून घ्यायचा आहे त्यांनी हॉलचं पार्किंग रविवारी सकाळी आठ ते दहा वापरावं, मी विचारून ठेवलंय. एक वर्ष झालेले दोन ड्रायव्हर नवीन सभासदांच्या मुलीसाठी आळीपाळीने बसतील, नावं मला कळवा. नारिंगी शंकू विसर्जनासाठी घेतले होते, ते माझ्या गराजमध्ये आहेत. चोवीस होते, आता एकवीस आहेत. कुणाकडे तीन असतील तर आणून द्या.

मोदक: सतरा घरं. अजूनही.