मदत हवी आहे: कोरियन मालिकेचं नाव सांगा (आईची खानावळ, मुलीशी भांडण)

सायली_नाशिक
एका कोरियन मालिकेचं नाव हवंय, जरा तातडीने. आई छोटी खानावळ चालवते, मुलगी मोठी आहे आणि दोघींचं एक भयंकर भांडण होतं. बहिणीकडे मधलाच एक भाग बघितला, तिलाही नाव आठवत नाही. माझी आई रविवारी गावी परत जातेय, त्याआधी तिच्यासोबत बघायची आहे. गूगल करून झालंय, तो सल्ला नको.

कोकणकन्या
'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स'! नेटफ्लिक्सवर २०२५ मध्ये आली. जेजू बेट, समुद्रात बुड्या मारून पोट भरणारी आजी, तिची मुलगी ए-सुन आणि ए-सुनची मुलगी गम-म्यंग. तरुणपणीची ए-सुन आणि गम-म्यंग, दोघीही आययू या एकाच अभिनेत्रीने केल्यात. आईबाप राहतं घर विकून पोरीला जपानला शिकायला पाठवतात आणि तीच आईवर खेकसते. सोळाही भाग रडत बघितले मी. हीच असणार.

सायली_नाशिक
ही नाही. समुद्र नव्हता. खानावळ लिहिलंय मी.

निवांत_वाचक
मुलगी काय करते? लग्न झालंय का? घरात आणखी कोण? भांडण कशावरून? एवढ्या माहितीवर निम्म्या कोरियन मालिका बसतील.

सायली_नाशिक
मुलगी कमावती आहे. भांडण जुन्या कुठल्यातरी गोष्टीवरून. नाव माहीत असेल तर सांगा ना प्लीज.

शुभदा_के
मग 'मदर ऑफ माइन', केबीएस वाहिनी, २०१९. किम हे-सूक आई आहे, हाडांच्या सूपचं हॉटेल चालवून तिने तीन मुली वाढवल्या. थोरली बँकेत नोकरीला, तिची मुलगी आजीच सांभाळते, त्यावरून रोज वाजतं. मधली मी-री खरं तर पुतणी, जन्मदाती तिला लहानपणीच सोडून गेलेली. ती जन्मदाती समोर येते ते प्रसंग जबरदस्त आहेत. थोरलीचं बघताना तर मला आमचंच घर दिसत होतं. आई सकाळी सातला माझ्याकडे यायची नातवासाठी, आणि संध्याकाळी मी तिलाच बोलायचे.

अण्णा_सोलापूर
नातवंडं सांभाळणं हे आजीचं कर्तव्य नाही. मुलींनी हे आधी लक्षात घ्यावं.

शुभदा_के
अण्णा, पाळणाघराची फी भरून महिनाअखेर हातात काय उरतं ते विचारा एकदा. आणि आईनेच यायचं, सासूने नाही, हे कोण ठरवतं? मालिकेत नेमकं हेच दाखवलंय.

निवांत_वाचक
ती अर्ध्या-अर्ध्या तासाच्या १०८ भागांची आहे. रविवारपर्यंत कशी व्हायची?

खवय्या_पुणेकर
त्या सूपबद्दल सांगतो. बैलाची हाडं तासन् तास उकळतात, पाणी दुधासारखं पांढरं होईपर्यंत. त्यात मीठ घालत नाहीत. मीठ आणि पातीचा कांदा टेबलावर असतो, आपापल्या चवीने घ्यायचा. आपल्या पाया सूपला मसाला लागतो, त्यांचं सगळं हाडांवरच. सोबत भात आणि मुळ्याची किमची, म्हणजे आंबवलेलं तिखट लोणचं.

सायली_नाशिक
सूप नको आहे मला. तीन बहिणीही नव्हत्या. एकच मुलगी होती, ती काहीतरी लिहिते बहुतेक. भांडताना काचा फोडते, हातातून रक्त येतं. आईच्या खूप म्हाताऱ्या मैत्रिणी होत्या.

मीनल_वाचते
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं! 'डिअर माय फ्रेंड्स', टीव्हीएन वाहिनी, २०१६, १६ भाग. लेखिका नोह ही-क्यंग. गो दू-शिम आई, नान-ही. गो ह्युन-जंग मुलगी, वान. नान-हीचं जाम्पोंगचं म्हणजे तिखट नूडल्सचं दुकान आहे. आईची अट एकच: लग्न झालेला आणि अपंग, हे दोन सोडून कोणीही चालेल. वानचा प्रियकर स्लोव्हेनियात अपघातात पायांनी अधू होतो आणि ती त्याला तिथेच सोडून परत येते. आईची अट तिच्या किती आत गेलेली असते, ते त्या भांडणात बाहेर पडतं.

सायली_नाशिक
हीच! हीच! खूप आभार!!

मीनल_वाचते
सायली, आईसोबत बघणार असशील तर एक गोष्ट आधीच सांगते. ते जुनं प्रकरण साधं नाही. नवऱ्याचे मैत्रिणीशी संबंध कळल्यावर नान-हीने स्वतःसोबत लहानग्या वानलाही मारायचा प्रयत्न केलेला असतो, कीटकनाशक पाजून. वानला ते सगळं आठवत असतं, आणि आईला वाटत असतं की पोर विसरली. पुढे नान-हीला कॅन्सर निघतो, एका मैत्रिणीला स्मृतिभ्रंश होतो. तुमच्या घरात यातलं काही असेल तर आईला आधी कल्पना दे.

अण्णा_सोलापूर
असलं आईला दाखवूच नये. काहीतरी हलकंफुलकं बघा.

मीनल_वाचते
अण्णा, मी माझ्या आईसोबत बघितली. त्या भागाला ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, पुढचा लाव. त्या सगळ्या म्हाताऱ्या तिला फार आवडल्या. भांडतात, कुणाचं काही झालं की रात्री-अपरात्री धावून जातात. आपल्या मालिकांत या वयाच्या बाईला एक तर देवघरात बसवतात, नाही तर कटकारस्थानात.

सायली_नाशिक
विष वगैरे काही नाही आमच्याकडे. पण माझं लग्न आईने मोडलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगा चांगला होता, त्याच्या घरात आजार होता म्हणून नको म्हणाली. त्यावर आम्ही कधीच बोललो नाही. ती आली की भाज्या, नातेवाईक, गुडघे, एवढंच. बहिणीकडे तो भाग बघितला तेव्हा माझे हातपाय थंड पडले. मला जे म्हणायचं होतं ते ती मुलगी म्हणत होती. म्हणून हवी होती. आणखी एक अडचण: आईला पडद्यावरच्या भाषांतराची इंग्रजी अक्षरं भराभर वाचता येत नाहीत.

शुभदा_के
तू शेजारी बसून मराठीत सांगत जा. मी सासूबाईंना असंच दाखवते, थोडं थांबवायचं, सांगायचं, पुढे जायचं. वेळ लागतो, पण मधे बोलणंही होतं.

निवांत_वाचक
सोळा भाग, प्रत्येकी तासाच्या वर. रविवारपर्यंत सगळे होणार नाहीत. पण एकदम तो भांडणाचा भाग लावू नकोस, पहिल्यापासून सुरू कर. नान-ही कोण आहे ते कळल्याशिवाय त्या भांडणात आईची बाजू दिसत नाही. आणि तुझ्या आईला ती दिसायला हवी. उरलेले भाग ती पुढच्या वेळी येईल तेव्हा.