‘एक्स्पायर’, ‘पास अवे’ की नुसते ‘डाय’?

हिंजवडीला नोकरीस असलेल्या आमच्या शेजारच्या मुलाने आजोबा गेल्यावर रजेचा इंग्रजी अर्ज लिहून मला दाखवला. त्यात ‘माय ग्रँडफादर एक्स्पायर्ड’ असे वाक्य होते. तेथे ‘डाइड’ लिहावे असे मी सुचवताच तो म्हणाला, ‘काका, आजोबा मेले असे कसे लिहू?’ त्याची शंका रास्त आहे, म्हणून ती येथे चर्चेस ठेवतो.

मराठीत या क्रियेला पायऱ्या आहेत. ढेकूण मरतो, शेजारी जातात, आजोबा वारतात, पुढाऱ्याचे निधन होते आणि पत्रिकेत देवाज्ञा होते. निधनवार्तेत ‘मेले’ छापले तर सदाशिव पेठेतून संपादकाला पत्रे जातील. इंग्रजीत मात्र ‘डाय’ हे क्रियापद ढेकणापासून राणीपर्यंत सर्वांना चालते. ८ सप्टेंबर २०२२ रोजी बकिंगहॅम राजवाड्याने दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या मृत्यूची जी औपचारिक घोषणा केली, तिच्यातही ‘डाइड पीसफुली’ असेच शब्द होते. ‘पास अवे’ हा त्याहून वरच्या दर्जाचा शब्द नव्हे, तो हळुवार आहे; सांत्वनपत्रात शोभतो. ‘एक्स्पायर’चा मूळ लॅटिन अर्थ श्वास बाहेर सोडणे असा असून ‘मरणे’ हा अर्थही कोशांत सापडतो, परंतु आजच्या इंग्रजी वाचकाला त्यावरून आधी मुदत संपलेला परवाना किंवा औषधाची बाटली आठवते.

घोटाळ्याचे मूळ असे की, १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत दरबाराचे शब्द फ्रेंचमधून आणि विद्वानांचे लॅटिनमधून आले, एवढे आपण शिकतो आणि जड शब्द तो औपचारिक, असा सोपा नियम करून घेतो. वास्तविक ‘फेस’ आणि ‘व्हेरी’ हे फ्रेंचमधून आलेले शब्द पोरेसोरे वापरतात, तर ‘हेअरबाय’ आणि ‘फोर्थविथ’ हे अस्सल घरचे शब्द न्यायालयीन कागदांत बसतात. शिवाय ‘आस्क’, ‘क्वेश्चन’ आणि ‘इंटरॉगेट’ या एकाच शब्दाच्या तीन पायऱ्या नाहीत. शिक्षकांनी विद्यार्थ्याला ‘इंटरॉगेट’ केले असे लिहिल्यास डोळ्यांपुढे वर्ग नव्हे, फरासखाना पोलीस ठाणे येते. (आपल्याकडेही पत्राच्या माथ्यावर संस्कृत ‘दिनांक’ असतो, पण ‘अर्ज’, ‘दाखला’ आणि ‘फिर्याद’ हे अरबी-फारसी शब्द सरकारी कागदांत ताठ मानेने वावरतात.) ‘पुट ऑफ’ऐवजी ‘पोस्टपोन’ लिहिल्याने मजकूर खरोखर औपचारिक होतो, हे मान्य, पण ‘यूज’ऐवजी ‘युटिलाइज’ लिहिल्याने तो बहुधा केवळ फुगतो.

माझे मत असे आहे की, आजोबांविषयीचा आदर आपण ‘वारले’ या आदरार्थी अनेकवचनात ठेवतो. इंग्रजी क्रियापदात ती सोय नाही आणि ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ या तिघांना मिळून एकच ‘यू’ आहे. तेथील अदब ‘कुड यू’, ‘वुड यू’ अशा रचनांत असते. ती न सापडल्याने आपण हरवलेला आदर शब्दांच्या वजनात शोधतो आणि ‘काइंडली डू द नीडफुल’पर्यंत पोहोचतो.

तरीही त्या अर्जात शेवटी मी ‘डाइड’चा आग्रह सोडून ‘पास्ड अवे’ लिहू दिले. तो ज्या वरिष्ठ बाईंकडे जाणार होता, त्या कोथरूडच्या आहेत, आणि ‘डाइड’ वाचताना त्यांच्याही कानांत आधी ‘मेले’च वाजले असते.