उत्तर: तिवर जगतं मग भात का मरतो?

तिवर (खारफुटीचं झाड) खाडीच्या खाऱ्या पाण्यात आरामात वाढतं आणि भात मात्र मरतो, असं का, हे वर विचारलंय म्हणून थोडी भर घालतो. सगळ्यांची ट्रिक एक नसते. कांदळ (हीसुद्धा खारफुटीच) बरंचसं मीठ मुळाशीच अडवतं, तिवर आत घेऊन पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं (पान चाटून बघा, खारट लागतं). सॅलिकॉर्निया या खाऱ्या जमिनीतल्या मांसल झुडपाची तऱ्हा तिसरीच, तो मिठातलं सोडियम पेशीतल्या रिक्तिकेत (पाण्याच्या पिशवीत) कोंडून ठेवतो आणि बाकीच्या पेशीद्रवात ग्लायसिन बीटेनसारखी निरुपद्रवी द्रव्यं साठवतो, म्हणजे बाहेर मीठ असूनही पाणी आत ओढता येतं आणि एन्झाइम्सही शाबूत राहतात. पण हे फुकटात होत नाही ना, एनर्जी जाते. साध्या भाताला यातलं काही नीट जमत नाही, म्हणून तो मरतो.

सॅलिकॉर्निया बिगेलोव्हीच्या बियांत साधारण ३०% तेल असतं, समुद्राच्या पाण्यावर येतो, ऐकायला भारीच. पण दरवर्षी तेच पाणी दिलं आणि निचरा नसला तर जमिनीत मीठ साचत जाणार, त्याचं काय करायचं? मला तरी आपल्याकडे खारजमिनीतला भातच जास्त प्रॅक्टिकल वाटतो, गोव्यातल्या खाजणात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांत) कोरगुट ही मीठ सोसणारी भाताची जुनी जात आहे, पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या पनवेल १, २, ३ या तशाच जाती आहेत, आणि जमिनीच्या वरच्या थरातलं मीठ पाऊसच धुऊन नेतो. फक्त खाडीचं पाणी अडवणारे बांध धड हवेत.