व्हॅलिडिटी: वैधता, यथार्थता की सप्रमाणता?

अनुवादिका: अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांच्या (दोन वर्षांची सरकारी कॉलेजं) इंग्रजी प्लेसमेंट टेस्टवरचा लेख मराठीत करतेय. त्यातल्या 'व्हॅलिडिटी'ला 'चाचणीची वैधता' लिहिलं की रेल्वे पासची मुदत तपासल्यासारखं वाटतं. आणि आपल्याकडे 'प्लेसमेंट' म्हणजे कॅम्पसमधून लागलेली नोकरी! 'प्रवेशपरीक्षा' चालेल?

जुने मास्तर: प्रवेशपरीक्षा नको. तिथे प्रवेश आधीच मिळालेला असतो, फक्त कुठल्या वर्गात बसायचं ते ठरायचं असतं. 'स्तरनिश्चिती चाचणी' करा. व्हॅलिडिटीला बी.एड.च्या पुस्तकांत सप्रमाणता म्हणतात, मानसशास्त्रवाले यथार्थता. विश्वसनीयता मात्र वेगळी, तिची गल्लत करू नका. आज 'ॲक्युप्लेसर' ही तिथली स्तरनिश्चिती चाचणी दिली, आठवड्याने पुन्हा दिली, गुण तेवढेच आले, तर ती विश्वसनीय. पण पर्यायांतून चुकीचं वाक्य अचूक हेरणाऱ्या मुलाला दोन पानांचा निबंध धड लिहिता येईल का? तो प्रश्न सप्रमाणतेचा.

अनुवादिका: लेखाचा रोख तोच आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातल्या संशोधकांनी 2012 मध्ये हिशेब मांडला, तर इंग्रजीत साधारण तिघांतला एक विद्यार्थी भलत्याच वर्गात गेलेला. त्यातही नेहमीच्या वर्गात 'बी' श्रेणी सहज मिळवतील अशांना उजळणीच्या वर्गात बसवण्याचं प्रमाण जास्त. तिथे फी भरायची, आणि पदवीसाठी ते क्रेडिट सहसा धरत नाहीत. त्यापेक्षा शाळेतले गुण बरा अंदाज देतात म्हणे. मग 'ही चाचणी सप्रमाण नाही' असं सरळ लिहू?

जुने मास्तर: नुसतं तेवढंच नका लिहू. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल मेसिक यांनी 1989 मध्ये हेच ठासून मांडलं: सप्रमाणता चाचणीला चिकटलेली नसते, गुणांवरून काढलेल्या निष्कर्षाला आणि त्यांच्या वापराला असते. म्हणून 'कशासाठी' ते वाक्यात यायलाच हवं. 'उजळणीच्या वर्गात पाठवण्यासाठी हे गुण सप्रमाण नाहीत.'

वकीलसाहेब: 'वैध' टाळायला आणखी एक कारण. कॅलिफोर्नियात 2017 च्या एबी 705 कायद्याने कॉलेजांना वर्ग ठरवताना शाळेतले गुण विचारात घ्यायला लावले. त्या परिच्छेदात 'चाचणीची वैधता' लिहिलंत तर वाचक कोर्टातच जाऊन पोचेल.

अनुवादिका: पटलं. सप्रमाणताच ठेवते, पहिल्यांदा येईल तिथे अर्धं वाक्य खुलासा. 'स्तरनिश्चिती' मात्र शीर्षकात जड होतंय, तिथे प्लेसमेंट टेस्टच राहू दे.