डॅशबोर्डच्या फाइलमधून नेम आणि ईटॅग काढून टाका, मग इम्पोर्ट करा

स्टेजिंगचे (चाचणीच्या सेटअपचे) मॉनिटरिंग डॅशबोर्ड, म्हणजे चार्टची पानं, प्रोडक्शन (प्रत्यक्ष वापरातल्या) प्रोजेक्टमध्ये न्यायचे तर कन्सोलमध्ये पुन्हा हाताने बनवावे लागतील, असं काहींना वाटतं. गूगल क्लाउडवर तरी अजिबात गरज नाही, कृपा करून तो वेळ वाचवा.

जीक्लाउड या गूगल क्लाउडच्या कमांड-लाइन टूलच्या 'मॉनिटरिंग डॅशबोर्ड्स डिस्क्राइब' कमांडने जुना डॅशबोर्ड जेसन फाइलमध्ये उतरवा आणि 'क्रिएट' कमांडला कॉन्फिग-फ्रॉम-फाइल या पर्यायातून ती फाइल देऊन नव्या प्रोजेक्टमध्ये चढवा. पण मधली पायरी महत्त्वाची. उतरवलेल्या फाइलमध्ये 'नेम'ची एक ओळ असते, तिच्यात जुन्या प्रोजेक्टचा नंबर असतो, शिवाय 'ईटॅग', म्हणजे डॅशबोर्डच्या आवृत्तीची खूण. दोन्ही ओळी काढा. नेम नसलं की नवा आयडी आपोआप मिळतो. ईटॅग लागतो तो असलेला डॅशबोर्ड 'अपडेट' करताना.

आधी 'क्रिएट' व्हॅलिडेट-ओन्ली हा पर्याय लावून चालवा, काहीही सेव्ह न होता फाइल तपासून मिळते.

एवढं करूनही माझे दोन चार्ट कोरेच दिसत होते. बघितलं तर विजेटच्या (डॅशबोर्डवरच्या चार्टच्या चौकटीच्या) फिल्टरमध्ये जुन्या क्लस्टरचं (सर्व्हरच्या गटाचं) नाव थेट लिहिलेलं. तेव्हा फाइलमध्ये जुना प्रोजेक्ट आयडी आणि क्लस्टरचं नाव एकदा शोधाच. आणि अलर्ट पॉलिसी (इशारा कधी द्यायचा याचे नियम) यासोबत येत नाहीत, त्या वेगळ्या न्याव्या लागतात.