तेजस ओझरचं, इंजिन अमेरिकेचं. मग मिरवायचं किती?

ओझरकर: १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए लढाऊ विमान उडालं, तेव्हा इकडे सगळ्यांची कॉलर ताठ. साहजिक आहे. आधी मिग, मग सुखोई, आता तेजस. पण पोटातलं एफ-४०४ इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचं. २०२१ मध्ये ९९ इंजिनांची ऑर्डर दिली, पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये. म्हणजे विमान आपलं, चावी दुसऱ्याच्या खिशात. परवान्याच्या करारांवर टाळ्या पुरे, तो पैसा कावेरी या आपल्या स्वदेशी इंजिनात घाला.

गंगापूर रोड: कावेरी फक्त पैशावाचून अडली असं कोणी सांगितलं? १९८९ ची मंजुरी, ८१ किलोन्यूटन जोराचं लक्ष्य. तेवढा जोर मिळाला नाही, वजन वाढलं, २००८ मध्ये तेजसपासून वेगळी केली. उंचीवरच्या चाचण्यांना इंजिन रशियात न्यावं लागलं, तिथल्या आयएल-७६ या मालवाहू विमानाला बसवून. टर्बाइनमधला वायू पात्याच्या धातूच्या वितळबिंदूपेक्षा जास्त तापलेला असतो. पातं टिकतं ते एकस्फटिक ओतकाम (अख्खं पातं एकाच स्फटिकाचं), आतल्या बारीक वाहिन्यांतली हवा आणि वरचा लेप यांच्या जोरावर. हे घोषणा देऊन येत नाही. तोवर हवाई दलाने काय येवल्याचे पतंग उडवायचे?

ओझरकर: पतंग नको, मारुत आठवा, आपलं जुनं लढाऊ विमान. जर्मन अभियंता कुर्ट टँकने आखलेलं, १९६१ मध्ये उडालेलं. रचना ध्वनीच्या दुप्पट वेगाची, पण हवं ते ताकदवान इंजिन कधी मिळालंच नाही. विमान जन्मभर ऑर्फियस या कमी ताकदीच्या इंजिनावर रखडलं.

सातपूरचा टर्नर: दोघांनाही एक सांगतो. आमच्या शॉपवर इन्कोनेलचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या निकेल मिश्रधातूचा, जॉब लागला की कापणारी कार्बाइड टिप बघता बघता बसते. स्पीड वाढवला तर टिप गेली, फीड (टिप पुढे सरकण्याचा वेग) फार कमी केला तर पृष्ठभाग घासून कडक होतो आणि पुढचा कट आणखी वाईट. त्यात प्रत्येक तुकड्याचा हीट नंबर (धातू कुठल्या ओतीचा ते), तपासणीचा कागद. एक कागद हरवला की चांगला जॉबही भंगारात. एवढं करून ड्रॉइंगवर माप मिळतं, तेच माप का, ते मिळत नाही. ओडिशातल्या कोरापुटच्या कारखान्याने मिगची इंजिनं परवान्यावर केली, आता सुखोईची करतंय. सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी २४० इंजिनांचा, २६,००० कोटींच्या वरचा करार झाला. त्यातून स्वतःचं इंजिन निघालं का?

गंगापूर रोड: नाही निघालं, पण हात तर तयार झाले ना दादा! आता जनरल इलेक्ट्रिकच्याच मोठ्या एफ-४१४ इंजिनाचं बरंचसं तंत्रज्ञान देण्याची बोलणी आहेत. आणि फ्रान्सच्या सफ्रान कंपनीबरोबरचं १२० किलोन्यूटनचं इंजिन तर परवान्याचं नाही, मिळून विकसित करायचं आहे.

सातपूरचा टर्नर: मिळून म्हणजे गरम भाग कोण आखणार? कॉम्प्रेसरचे केसिंग आपल्याला आणि पाती त्यांच्याकडे, असं झालं तर पुन्हा तेच. करारात तेवढं एकच कलम वाचायचं, बाकीचं सोडा.

ओझरकर: आणि इंजिन लावून तपासायचं चाचणीचं विमान? कावेरी रखडली त्याचं तेही एक कारण. ते आधी घ्या. धावपट्टी ओझरला आहेच.

गंगापूर रोड: काढलाच ओझरचा विषय! कावेरी आखणारी जीटीआरई ही प्रयोगशाळा बंगळूरला, ते इंजिन घेऊन रोज इकडे येणार काय? विमान घ्या, ठेवा तिकडे. तुमच्या ओझरला आधी दिल्लीची दोन विमानं वाढवून मागा.